मदत हवी आहे: परवानाधारक नेमबाजाने बुलेटप्रूफ जॅकेट घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात विचारलं की "घेऊन टाका" किंवा "काही गरज नाही" एवढंच ऐकायला मिळतं आणि मी होतो तिथेच राहतो.

मी पोलिसात नाही, सैन्यात नाही. माझ्याकडे परवान्याचं ९ मिमी पिस्तूल आहे आणि आठवड्यातून एकदा रेंजवर जातो. गेलं वर्षभर तिथे नवीन शिकणाऱ्यांना मदतही करतो. दोन महिन्यांपूर्वी त्यातल्या एकाचं पिस्तूल मध्येच अडकलं. काय झालं ते विचारायला तो सरळ माझ्याकडे वळला. नळी माझ्या पोटाकडे आणि बोट चापावर. मी त्याचं मनगट धरून खाली दाबलं, पिस्तूल मोकळं केलं, आणि चेंबरमध्ये काडतूस निघालं. कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून रोज रात्री बसून मी जॅकेटांबद्दल वाचत असतो.

रेंजवरच्या एका मित्राने चिलखतात घालायच्या स्टीलच्या प्लेट घेतल्या आहेत. त्याचं म्हणणं, बंदूक बाळगणाऱ्याकडे चिलखत नसेल तर त्याची तयारी अर्धीच. बायकोचं म्हणणं वेगळं. ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे. तिने एवढंच विचारलं, "घरात आपण कुणाशी लढणार आहोत?" मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असे. माझ्यासारख्याला याची खरंच गरज आहे का? असेल तर मऊ जॅकेट की प्लेट? आणि एका ओळखीच्यांनी त्यांचं जुनं जॅकेट देऊ केलं आहे, दहा वर्षांपूर्वीचं, फारसं न वापरलेलं. ते घ्यावं का?

प्रतिसाद (जुना रेंजकर)

आधी तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मनगट वेळेवर धरलंत, ते सगळ्यांना जमत नाही.

मी बरीच वर्षं नवख्यांना शिकवतो आणि शिकवताना मऊ जॅकेट घालतो. म्हणून माझं मत "घेऊ नका" असं नाही. पण तुमच्या लिहिण्यात दोन भीती एकमेकींत मिसळल्या आहेत. रेंजवर झालं ते खरं घडलेलं आहे. घरावरचा हल्ला तुमच्या मित्राने तुमच्या डोक्यात घातलेला आहे. दोन्हींचं उत्तर एकाच खरेदीत शोधू नका.

रेंजपुरतं बोलतो. जॅकेटच्या आधी तुमची उभं राहण्याची जागा बदला. शिकणाऱ्याच्या ज्या हातात हत्यार आहे त्या बाजूला, त्याच्या खांद्यापासून अर्धं पाऊल मागे, आणि हात लांबवला की मनगटापर्यंत पोचेल इतक्या अंतरावर उभे राहा. मग तो वळू लागला तरी वळण पूर्ण व्हायच्या आत त्याचा हात तुमच्या हातात असतो. दुसरं, पहिले काही दिवस मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं. एक गोळी सुटली की हत्यार रिकामं. आणि तिसरं, जे मी पहिल्या गोळीच्या आधी दहा वेळा म्हणून घेतो: हत्यार अडकलं तर नळी लक्ष्याकडेच, बोट चापाबाहेर, मोकळा हात वर. काही विचारायचं असेल तर मान वळवायची, खांदे नाही. हे रिकाम्या हत्यारावर करून घ्यायचं. अडकलेलं पिस्तूल ही नवख्यासाठी घाबरण्याची वेळ असते आणि घाबरलेला माणूस मदतीकडे तोंड करतो. त्याचा तो स्वभावच आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

एवढं सगळं करूनही एखादा वळेल. त्या एखाद्यासाठी जॅकेट.

प्रतिसाद (प्लेटवाला)

मी तांत्रिक बाजू सांगतो, कारण यात गैरसमज फार आहेत.

मऊ जॅकेट म्हणजे केव्हलारसारख्या अॅरॅमिड धाग्यांचे किंवा पॉलिथिलीनचे अनेक थर. ते पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी असतात. अमेरिकेच्या एनआयजे या संस्थेचं मानक जगभर वापरलं जातं. २००८ च्या मानकात मऊ जॅकेटची सगळ्यात वरची पायरी लेव्हल थ्री-ए. तिची चाचणी पॉइंट ४४ मॅग्नम या जोरदार रिव्हॉल्व्हर-काडतुसाच्या, सेकंदाला सुमारे ४३६ मीटर वेगाच्या गोळीने होते. लेव्हल टू च्या चाचणीत ९ मिमीची गोळी ३९८ मीटर वेगाने मारतात. म्हणजे तुमच्या रेंजवर ९ मिमीची पिस्तुलंच चालत असतील तर लेव्हल टू देखील पुरे. २०२३ मध्ये नवीन मानक आलं, त्यात लेव्हल टू चं नाव एचजी १ आणि थ्री-ए चं एचजी २ झालं. बाजारात दोन्ही दिसतील, गोंधळू नका.

रायफल ही वेगळीच गोष्ट. लेव्हल थ्री प्लेटची चाचणी ७.६२ मिमी गोळीने ८४७ मीटर वेगाला होते, म्हणजे पिस्तुलाच्या जवळजवळ दुप्पट वेग. तिथे मऊ जॅकेट असून नसल्यासारखं.

आता तुमच्या मित्राच्या स्टीलबद्दल. स्टील टिकतं, पडलं तरी तडकत नाही, म्हणून लोकांना आवडतं. पण गोळी त्याच्यावर फुटते आणि तिच्या कपच्या प्लेटला समांतर उडतात: वर हनुवटी आणि गळ्याकडे, बाजूला दंडांकडे. त्यावर लेप देतात, पण गोळ्या बसत गेल्या की तो लेप सुटत जातो. शिवाय अतिवेगवान हलक्या गोळ्या लेव्हल थ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्टील प्लेटमधून आरपार गेलेल्या आहेत. पॉलिथिलीनचं उलट आहे. ते वजनाला हलकं, पण पोलादी गाभ्याची ५.५६ मिमी गोळी साध्या पॉलिथिलीन प्लेटमधून निघून जाऊ शकते. स्टील वेगाला हरतं, पॉलिथिलीन कठीण गाभ्याला. सिरॅमिक या दोन्हींना तोंड देतं, पण ते आपटलं तर आत तडा जातो आणि बाहेरून दिसत नाही.

मला विचाराल तर तुम्हाला प्लेटची गरज नाही. मी वापरतो ते माझ्या कामासाठी. पुढचीमागची मिळून सहा-सात किलो होतात, आणि ती अंगावर घेऊन दिवसभर वाकून कुणाला काही शिकवता येत नाही.

प्रतिसाद (आपत्कालीन विभागातला)

मी जखमी माणसांबरोबर काम करतो, म्हणून जॅकेट काय झाकत नाही तेवढं सांगतो. डोकं, मान, काख, खांदे, ओटीपोटाचा खालचा भाग, मांड्या. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो, आणि रेंजवर स्वतःच्याच हातून होणाऱ्या जखमा बऱ्याचदा तिथेच असतात: होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढताना किंवा परत घालताना. मांडी, पाय, तळहात. जगातलं कुठलंही जॅकेट तिथे कामाला येत नाही. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, तो येतो. दाबपट्टी येते. तुमच्या रेंजवर टूर्निके आहे का, आणि तो डोळे मिटून बांधता येईल असे किती जण आहेत? माझा पहिला खर्च तिथे होईल.

दुसरं, जॅकेटने गोळी अडवली म्हणजे संपलं असं नाही. एनआयजेच्या चाचणीत जॅकेटमागच्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खोल खड्डा पडला तरी ते पास होतं. तो धक्का बरगड्यांना आणि फुप्फुसाला बसतो. गोळी अडली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, नुसता काळानिळा डाग दिसत असला तरी.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती लिहायला सगळे कचरतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरातल्या हत्याराचा धोका घराबाहेरूनच येतो असं नाही. तुमच्याकडे चांगली तिजोरी आहे का? काडतुसं वेगळी आणि कुलपात असतात का? दोन महिने झोप नीट लागत नसेल तर तेही कुणाशी बोला. नळी आपल्याकडे रोखलेली पाहिल्यावर तसं होणं स्वाभाविक आहे, आणि मदत घेतली की ते बरं होतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आपत्कालीन विभागातल्या दादांचा शेवटचा परिच्छेद मी बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हेच मला म्हणायचं होतं." तिला चोराची भीती नव्हतीच. रात्र रात्र जागून मी ते सगळं वाचत बसतो, याची होती. एका समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

तिजोरी आहे, पण काडतुसं त्याच कप्प्यात ठेवत होतो. काल वेगळी केली.

मित्राकडून त्याच्या प्लेट आणून घालून पाहिल्या. रात्री दिवे बंद करून, पलंगावर झोपलेलो असताना, हत्यार तिजोरीतच कुलूपबंद ठेवून, फक्त ते चिलखत चढवायचं असं ठरवलं. बायकोने वेळ धरली. पहिल्यांदा पन्नास सेकंद लागले आणि एक पट्टा उलटा अडकला. चौथ्यांदा पस्तीस. तेवढ्यात ती उठून, खोलीचं दार आतून लावून, फोन हातात घेऊन उभी होती. तिला लागले नऊ सेकंद. घरासाठीचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच सुटला.

रेंजसाठी मात्र मऊ जॅकेट घ्यावं असं वाटतंय. जुन्या जॅकेटबद्दल कुणी सांगाल का?

प्रतिसाद (प्लेटवाला)

जुनं घेऊ नका, भेट म्हणूनही नाही.

यामागे एक घटना आहे. झायलॉन नावाचा धागा एके काळी फार चालला, कारण तो केव्हलारहून पातळ आणि मजबूत होता. २००३ मध्ये अमेरिकेत एका पोलिसाच्या अंगावरच्या झायलॉनच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेली, आणि ते जॅकेट अवघ्या काही महिन्यांचं होतं. ज्या गोळीसाठी ते बनवलं होतं तीच गोळी. तपासात कळलं की उष्णतेने आणि ओलाव्याने तो धागा आतून कमजोर होतो. २००५ मध्ये झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली गेली. २००८ च्या मानकात म्हणूनच नमुने गोळी मारण्याआधी ६५ अंश सेल्सिअस तापमानात, ८० टक्के आर्द्रतेत, दहा दिवस ड्रममध्ये घुसळतात.

तुम्हाला मिळणारं जॅकेट कशाचं आहे हे लेबलवर असेल किंवा नसेलही. ते दहा वर्षं कपाटात कसं होतं, घडी घालून की ओलं, ते कुणालाच नीट आठवणार नाही. उत्पादक साधारण पाच वर्षांची हमी देतात. सहाव्या वर्षी ते लगेच कुजतं असं नाही, पण पुढची खात्री कोणी देत नाही. आणि गोळी मारल्याशिवाय जॅकेट तपासता येत नाही. मारली की ते संपलं.

अजून एक: कायदा बघून घ्या. बंदुकीचा परवाना असला म्हणजे जॅकेटही चालतंच असं सगळीकडे नाही. ऑस्ट्रेलियात ते आयात करायलाही परवानगी लागते. अमेरिकेत साधारणपणे कुणीही घेऊ शकतो, पण हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना २००२ पासून बंदी आहे, आणि न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये ठरावीक पेशांपुरतीच विक्री ठेवली. परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारून घ्या.

प्रतिसाद (जुना रेंजकर)

दार लावून फोन करणं नऊ सेकंदांत, हे वाचून फार बरं वाटलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

जॅकेट घालून बघायला जाल तेव्हा उभ्यानेच ठरवू नका. खुर्चीत बसा. बसल्यावर ते वर सरकून गळ्याला टोचायला लागलं तर लांबी जास्त आहे. उभं असताना खालची कड पट्ट्याच्या दोन-तीन बोटं वर हवी. बाजूला पुढचा भाग मागच्यावर चढलेला हवा, फट नको. तुमच्या बाबतीत तर बाजूचं झाकणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही शिकणाऱ्याच्या शेजारी उभे राहता. तो वळला तर नळी आधी तुमच्या बरगड्यांवर येणार.

आणि ज्या दिवशी शिकवाल त्या दिवशी गाडीतून उतरतानाच घाला. "आज एकच विद्यार्थी आहे" म्हणून डिकीत ठेवलेलं जॅकेट मी खूप पाहिलं आहे.

धागाकर्ता

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. रेंजवर दोन टूर्निके आणि दाबपट्ट्या ठेवायचं ठरलं, आणि पुढच्या आठवड्यापासून नवख्यांना एकच काडतूस. माझी उभं राहण्याची जागा तर आजच बदलली. एक शेवटचं विचारतो: घामाने ते जॅकेट खराब होतं का? धुवायचं कसं?

प्रतिसाद (प्लेटवाला)

आतली पॅनेलं बाहेर काढा आणि फक्त कापडी कव्हर धुवा. पॅनेल पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. ते उन्हात वाळवू नका, अतिनील किरणांनी केव्हलारचं बळ कमी होतं. सावलीत, सपाट जागेवर आडवं ठेवा. घडी नको, बारीक तारेच्या हँगरवर तर नकोच. महिन्यातून एकदा पॅनेलवरून हात फिरवून सुरकुती, फुगवटा किंवा फाटलेली शिवण आहे का बघा. पॅनेलच्या बाहेरचं आवरण फाटलं असेल तर ते घालू नका, आत ओलावा गेलेला असतो.