ब्रेकियल प्लेक्सस डोक्यात कसा बसवायचा? सल्ला हवा

पालथी_वही:
नमस्कार मंडळी. एमबीबीएस पहिलं वर्ष. आमचं डिसेक्शनचं टेबल सध्या काखेत अडकलंय आणि अप्पर लिंबची (हाताच्या भागाची) पार्ट कम्प्लिशन परीक्षा डोक्यावर आहे. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, आकृती रात्री पाठ करते, सकाळी कागद घेतला की लॅटरल (बाहेरच्या) कॉर्डच्या फांद्या मिडियलला (आतल्याला) जाऊन बसलेल्या असतात. रूट, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड, ब्रँच हा क्रम येतो. निमॉनिक्सही (लक्षात ठेवायची वाक्यं) ढीगभर आहेत. पण सर विचारतात, "ही नर्व्ह गेली तर पेशंटला काय जमणार नाही?" आणि तिथे निमॉनिकची दांडी उडते. तुम्ही कसा केलात? व्हिडिओ, ॲप, ॲटलस, काहीही सुचवा. फक्त "समजून घे, पाठ करू नकोस" एवढंच लिहून जाऊ नका, ते आईपण सांगते.

रात्रपाळी:
थ्रीडी ॲप घे. फिरवून, थर काढून बघता येतं. ट्रायल फुकट असते बहुतेकांची.

निवृत्त_खडू:
ॲप वाईट नाही, पण ते फिरवण्यात रात्र जाते आणि परीक्षेत फिरवायला मिळत नाही. मी अनेक वर्षं ॲनाटॉमी शिकवली, त्यामुळे थोडं लांबण लावते.

वहीत पाच आडव्या रेषा मार, सी५ ते टी१ (मानेतल्या पाचव्या नर्व्हपासून छातीतल्या पहिल्या नर्व्हपर्यंतचे रूट). वरच्या दोन जोड, खालच्या दोन जोड, मधली सी७ एकटी. झाले तीन ट्रंक. आता निळा पेन घे. प्रत्येक ट्रंकमधून एक निळी रेघ मागे काढ आणि तिन्ही निळ्या एकत्र कर. हा पोस्टेरियर कॉर्ड. पुढच्या तीन काळ्या उरल्या. त्यातल्या वरच्या दोन मिळून लॅटरल कॉर्ड, खालची एकटी मिडियल. सांगाडा संपला, एवढाच आहे तो.

आता सरांच्या प्रश्नाकडे ये. निळं ते हाताच्या मागच्या बाजूचं: कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स, मनगट आणि बोटं उचलणारे सगळे. खांद्यावरचा डेल्टॉइडही निळ्यातच, ॲक्झिलरी नर्व्हमुळे. काळं ते पुढचं: वाकवणारे स्नायू आणि पंजातले झाडून सगळे छोटे स्नायू. म्हणजे रेडियल गेली तर मनगट लोंबेल, पण पंजातला एकही छोटा स्नायू मरणार नाही. हे तुला आता पाठ करावं लागलं का?

रूटमधून थेट निघणाऱ्या दोन तेवढ्या वेगळ्या लक्षात ठेव: डॉर्सल स्कॅप्युलर आणि लाँग थोरॅसिक. दुसरी सी५, ६, ७ मधून येते आणि सेरेटस अँटिरियर स्नायूला जाते. ती गेली की भिंत ढकलताना खांद्याचं पातं पाठीतून बाहेर येतं. सुप्रास्कॅप्युलर वरच्या ट्रंकमधून.

टेबलावर मात्र मानेकडून सुरुवात करू नका. काखेत धमनीच्या पुढे इंग्रजी एम शोधा. बाहेरचा पाय मस्क्युलोक्युटेनियस, मधलं टोक मीडियन, आतला पाय अल्नर. ओळखायची खूण सोपी: दंडातल्या कोरॅकोब्रेकियालिस स्नायूला भोक पाडून आत शिरते ती मस्क्युलोक्युटेनियस. तिला चिमट्यात धरून वर वर जा, लॅटरल कॉर्ड आपोआप हातात येतो. आणि चरबी काढताना दंडाच्या आतल्या बाजूच्या बारीक त्वचेच्या नर्व्ह उपटू नका. दरवर्षी निम्मी टेबलं त्या कचऱ्याच्या बादलीत टाकतात आणि मग "मॅडम, आमच्या बॉडीत नाहीये" म्हणतात.

भूलवाला:
खडू मॅडमच्या निळ्या पेनाला अनुमोदन. मी भूलतज्ज्ञ, माझं पोट याच प्लेक्ससवर चालतं, त्यामुळे माझा सल्ला पक्षपाती समज. सुई कुठे घालतात यावरून टप्पे लक्षात ठेव.

खांद्याचं ऑपरेशन असेल तर मानेत, स्केलेनस अँटिरियर आणि मिडियस या स्नायूंच्या फटीत बधिर करायचं औषध देतो, याला ब्लॉक म्हणतात. तिथे रूट आणि ट्रंक आहेत. सी५-सी६ मस्त बधिर होतात, सी८-टी१ बरेचदा सुटतात, म्हणून खांदा गार पडला तरी पेशंट करंगळी हलवून दाखवतो. फ्रेनिक नर्व्ह तिथेच स्केलेनस अँटिरियरवरून खाली उतरते, तीही औषधात सापडते आणि त्या बाजूचा डायफ्रॅम (श्वासाचा पडदा) काही तास थंडावतो. हा ब्लॉक एकाच वेळी दोन्ही बाजूंना का देत नाहीत? घे, व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) प्रश्न.

कॉलरबोनच्या वर, पहिल्या बरगडीवर, सबक्लेव्हियन धमनीला चिकटून ट्रंक आणि डिव्हिजन दाटीने बसलेले असतात. थोड्या औषधात जवळजवळ अख्खा हात जातो. खाली लगेच फुप्फुसाचं टोक, त्यामुळे हात चालवताना देव आठवतो. कॉलरबोनच्या खाली कॉर्ड: धमनीच्या बाहेर लॅटरल, आत मिडियल, मागे पोस्टेरियर. ही नावं ॲक्झिलरी धमनीच्या दुसऱ्या भागावरून आहेत, म्हणजे छातीतल्या पेक्टोरॅलिस मायनर स्नायूच्या मागच्या तुकड्यावरून. त्याच्या वर-खाली बघितलंस तर जागा जुळणार नाहीत आणि तू स्वतःलाच दोष देत बसशील. शेवटी काखेत ब्रँच. मीडियन, अल्नर आणि रेडियल या तिन्ही नर्व्ह धमनीभोवती मिळतात, मस्क्युलोक्युटेनियस मात्र आधीच निसटलेली असते. तिला वेगळं औषध द्यावं लागतं. नवखे विसरतात आणि सर्जनने अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या वर चिरा दिला की पेशंट ओरडतो. कारण ती त्वचा हिचीच.

ब्लॉक लागला का हे बघायला आमच्याकडे चार शब्द आहेत: ढकल, ओढ, चिमटा, चिमटा. कोपर सरळ करून ढकल, रेडियल. वाकवून ओढ, मस्क्युलोक्युटेनियस. तर्जनीच्या बुडाशी तळव्याकडून चिमटा, मीडियन. करंगळीच्या बुडाशी, अल्नर. रूममेटवर करून बघ.

चहाबिस्किट:
वाखुसा (वाचनखूण साठवली)! थर्ड इयरला आहे, फटीतल्या फ्रेनिकचं आज कळलं.

मोडकं_हाड:
ऑर्थो रेसिडेंट. बोन सेटमधला ह्युमरस (दंडाचं हाड) काढ आणि लोकरीचे तीन तुकडे घे. एक सर्जिकल नेकला (हाडाच्या वरच्या टोकाखाली) मागून गुंडाळ, ही ॲक्झिलरी. दुसरा मधल्या भागात मागच्या खोबणीतून तिरका बाहेर आण, ही रेडियल. तिसरा कोपराशी मिडियल एपिकाँडाइलच्या (आतल्या उंचवट्याच्या) मागून ने, ही अल्नर. हाड कुठे मोडलं म्हणजे कोणती नर्व्ह गेली, हे प्रश्न तिथेच मिटले. टेबलाला कोपर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती हीच तिसरी लोकर.

कोपराच्या वर हाड मोडलेलं लहान पोर रात्री कॅज्युअल्टीत येतं, भोकाड पसरलेलं. त्याला "बोटं ॲबडक्ट कर" (फाकव) म्हणून काय कळणार? आम्ही दगड-कागद-कात्री खेळतो. दगड मीडियन, कागद रेडियल, कात्री अल्नर. शेवटी अंगठा-तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला लावायचा, तो अँटिरियर इंटरोसियस, मीडियनचीच फांदी. तो गोल चुकवू नकोस, या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा हीच दुखावते आणि तिला त्वचा नसल्याने बधिरपणा शोधून सापडत नाही.

फिजिओताई:
माझ्याकडे येतात ते मुख्यतः बाइकवरून पडलेले विशीतले मुलगे. डोकं एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला फेकला गेला की सी५-सी६ ताणतात किंवा तुटतात. हात अंगाला चिकटलेला, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. पुस्तकातला अर्ब्ज पाल्सी. अडचणीच्या बाळंतपणात खांदा अडकलेल्या बाळातही हेच चित्र. उलट पडता पडता काहीतरी पकडलं आणि हात वर खेचला गेला, तर सी८-टी१, म्हणजे क्लुम्पके, पंजाच मेला. त्यातच त्या बाजूची पापणी उतरलेली आणि बाहुली बारीक दिसली तर टी१ मज्जारज्जूपासूनच उपटलं असण्याची शक्यता मोठी. मग नुसतं शिवून भागत नाही.

पालथी_वही:
ताई, मग अशांचं पुढे काय होतं?

फिजिओताई:
वरचे रूट गेले आणि खालचे शाबूत असतील तर शेजारची नर्व्ह उसनी घेतात. फ्रेंच सर्जन ओबरलिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत बघ: अल्नरमधला एक छोटा गठ्ठा काढून बायसेप्सच्या फांदीला जोडायचा. अंतर कमी, त्यामुळे स्नायू लवकर जागा होतो. नर्व्ह वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि स्नायू तोवर वाट बघत नाही, वाळत जातो. म्हणून शस्त्रक्रिया सहसा सहा महिन्यांच्या आत करायची धडपड असते. गावाकडून मुलं वर्षभर मालिश करून येतात, तेव्हा फार जीव तुटतो.

त्वचेचा_वैद्य:
अल्नरबद्दल एक. ओपीडीला बसायला लागलीस की कोपरामागे बोट फिरवून तिची जाडी बघायची सवय लाव. कुष्ठरोगात ती जाड होते, पुढे करंगळी-अनामिका वाकतात. आणि अल्नर पॅराडॉक्स वाचून जा: कोपराशी इजा झाली तर मनगटाशी झालेल्या इजेपेक्षा पंजा कमी वाकडा दिसतो. कारण वरच्या इजेत बोटांची टोकं वाकवणारा अल्नरच्या वाट्याचा स्नायूही गेलेला असतो, ओढायला कोणी उरत नाही.

पालथी_वही:
सगळ्यांचे आभार. निळ्या पेनाने आकृती न बघता आली! खडू मॅडम, एक शंका. आमच्या बॉडीत दंडाच्या मध्यावर मस्क्युलोक्युटेनियसमधून एक जाडसर फांदी निघून मीडियनला मिळते. पार्टनर म्हणतो आपणच काहीतरी घोळ केला.

निवृत्त_खडू:
कापून घोळ होतो गं, जोडून नाही होत. ही फांदी बऱ्याच जणांत सापडते. सी५-७ चे जे तंतू लॅटरल कॉर्डमधूनच मीडियनला जायचे, ते काही अंतर मस्क्युलोक्युटेनियसबरोबर चालतात आणि खाली घर बदलतात. वरही नीट बघा. सी४ ची फांदी जाड आणि टी१ बारीक असेल तर तो प्रीफिक्स्ड प्लेक्सस, टी२ ची भर मोठी असेल तर पोस्टफिक्स्ड. दिसतं तसं वहीत काढ, बाजूला "व्हेरिएशन" लिही. परीक्षेला तेच टेबल आलं तर आधी नेहमीची रचना सांग, मग चिमट्याने ही फांदी उचलून दाखव. आणि पार्टनरला म्हणावं, ती कापू नकोस, बाकीच्या टेबलांनाही बघू दे.