दादर ज्वारीच्या कोठीत डांबर गोळ्या, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अमळनेरहून लिहितेय. सासूबाईंनी दादरला किडे लागतात म्हणून पत्र्याच्या कोठीत चक्क डांबर गोळ्या टाकून ठेवल्या, पाकीट फेकलेलं, आता झाकण उघडलं की डोळ्यात पाणी येतं इतका वास. माझ्या माहितीप्रमाणे या गोळ्या दोन जातीच्या असतात, एक नॅप्थलीनची, त्यात क्लोरीन नसतं, आणि दुसरी पॅराडायक्लोरोबेंझीनची, म्हणजे बेंझीनला दोन क्लोरीन चिकटलेले, तीच जी मुतारीत रंगीत वड्या करून टाकतात. दोन्ही विषारीच आणि दोन्ही न वितळता हवेत उडून जातात म्हणून तर कोठीभर वास.

मिठाच्या एकदम दाट पाण्यात एक गोळी टाकून बघितली, तळाशी गेली. नॅप्थलीन तरंगते म्हणे, म्हणजे आपली क्लोरीनवालीच ना? दीर म्हणतो तांब्याची तार तापवून लाव आणि जाळावर धर, हिरवी ज्योत आली की क्लोरीन, पण तो धूर घरात नको बाई, लहान पोरं आहेत.

आता खरं विचारायचं ते हे की दादर उन्हात पसरवून वास गेला तरी भाकरीला चालेल का, वास गेला म्हणजे औषध गेलं असं असतं का? सासूबाई म्हणतात गुरांना घालू, पण दूध आपणच पितो ना. कृषी किंवा केमिस्ट्रीवालं कोणी असेल तर सांगा, आणि पुढच्या वर्षी धान्यात कडुनिंबाचा पाला सोडून काय टाकता तेही लिहा.