आबांच्या ट्रंकेत जपानी होल्स्टर सापडलंय, आत रिव्हॉल्व्हर नाही. ठेवलं तर चालतं का?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात. जुन्या घराचं धाबं यंदाच्या पावसात टिकणार नाही म्हणून मागच्या आठवड्यात उतरवायला घेतलं, तर माळ्यावर आबांची (म्हणजे आजोबांची) लोखंडी ट्रंक निघाली. आबा मराठा पलटणीत होते, १९४७ ला घरी आले ते परत कधी गाव सोडून गेले नाहीत, कापूस आणि ज्वारी बस. पण म्हातारपणी सांगायचे की मी जपान बघितलाय, तिथं बर्फात गस्त घातलीय. आमचे वडील म्हणायचे, बर्मात होते ते, जपान्यांशी लढले म्हणून त्यालाच जपान म्हणतात.

ट्रंकेत एक कांबळ, मग, दोन मेडलच्या रिबिनी आणि हे चामड्याचं होल्स्टर. तपकिरी रंग, वरचं झाकण शिंपल्यासारखं गोलसर आणि एवढं मोठं की अर्धं होल्स्टर त्याच्यातच झाकलं जातं, पितळेच्या खुंटीत अडकतं. लांबी वीत आणि तीन बोटं. मधे एका बाजूला गोल फुगवटा आलाय. झाकणाच्या आत शाईचा शिक्का आहे, बराचसा उडालाय, सुरुवातीला एक गिचमिड अक्षर ज्याच्या डाव्या बाजूला मधे रेघ असलेली चौकट दिसते, मग आपल्या अधिकाच्या चिन्हासारखं काहीतरी आणि मग दोन आडव्या रेघा.

चुलतभाऊ म्हणतो ठाण्यात नेऊन दे नाहीतर पोलीस घरी येतील, आणि मित्र म्हणतो लाखात जाईल, गप ऑनलाइन टाक. मला विकायचं नाहीये. हे नक्की काय आहे, घरात ठेवलं तर चालतं का, आणि चामडं पापडासारखं कडक झालंय त्याला काय लावू?

सातपुडा६२
भाऊ, पह्यले ती ट्रंक पुरी रिकामी करी देख. एखादं काडतूस राही गयं व्हई तं हात नको लावजो, सरळ ठाणामा फोन कर. बाकी गप्पा मंग.

जुनंपोलाद, धुळे
सातपुडा बरोबर बोलले, काडतुसालाही लायसन लागतं, एक असलं तरी. नुसत्या होल्स्टरला काही लागत नाही, ते चामड्याचं पाकीट आहे, शस्त्र नाही. चुलतभावाला सांगा निवांत झोप.

आता वस्तूबद्दल. शिंपल्यासारखं झाकण म्हणजे जपानी लष्कराचं, हे जवळपास पक्कं. मग ते रिव्हॉल्व्हरचं की नांबू पिस्तुलाचं हा प्रश्न. नांबू मॅगझीनवर (गोळ्यांच्या चपट्या पेटीवर) चालतं, त्याच्या काही होल्स्टरना जास्तीचं मॅगझीन ठेवायची जागा केलेली असते, तशी उभी चपटी जागा तुमच्यात आहे का बघा. नसेल तर माझं मत टाइप २६ रिव्हॉल्व्हर. तो फुगवटा तर मला सिलिंडरचाच (गोळ्या भरायच्या फिरत्या गोल भागाचा) वाटतोय, वर्षानुवर्षं आत राहिलं की चामडं तो आकार धरतं.

टाइप २६ चं २६ म्हणजे मेजी राजवटीचं सव्विसावं वर्ष, १८९३. त्याआधी जपानी घोडदळाकडे अमेरिकन स्मिथ अँड वेसन होती, तिच्या जागी हे स्वतःचं केलं. टोकियोच्या कोइशिकावा कारखान्यात बनलं, सगळे मिळून साधारण ५९,००० नग, म्हणजे लष्करी शस्त्राच्या मानाने फारच कमी. ९ मिमी, सहा गोळ्या, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. नळी खाली मोडून भरायचं. घोड्याला (गोळीवर आपटणाऱ्या हातोडीला) अंगठ्याने मागे खेचायची खुंटीच ठेवलेली नाही, गुळगुळीत, प्रत्येक वेळी ट्रिगर दाबूनच चालवायचं. बाजूची पूर्ण प्लेट दारासारखी उघडते आणि आतली यंत्रणा पुसता येते, हे त्यांनी फ्रेंचांकडून उचललं आणि मला विचाराल तर त्या रिव्हॉल्व्हरमधलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच. आणि सगळ्यात येड्यासारखं काम म्हणजे ट्रिगरवर बोट नसताना सिलिंडर लॉकच होत नाही, कशाला घासलं की फिरतं, म्हणजे दोन गोळ्या झाडून खिशात टाकलं की पुढची भरलेली येईल का रिकामी, नशिबावर. तरी हे १९४५ पर्यंत वापरात होतं.

शिक्का तुम्ही झकास वर्णन केलाय. जपानीत अधिकासारखं चिन्ह म्हणजे दहा, दोन आडव्या रेघा म्हणजे दोन. झाले बारा. डाव्या बाजूला चौकट असलेलं अक्षर इथं शोवा राजवटीचं (त्याच्या आधीच्या तैशोचं अक्षर हातपाय पसरून उभ्या माणसासारखं दिसतं, त्यात चौकट नाही; मेजीच्या अक्षरातही तशी चौकट असते, पण मेजी बारा म्हणजे १८७९, तेव्हा हे मॉडेलच नव्हतं). शोवा सालात १९२५ मिळवायचे, म्हणजे १९३७. रिव्हॉल्व्हरचं मॉडेल जुनं, चामडं नंतरचं, ते चालतंच, चामडं झिजतं.

आता रिव्हॉल्व्हर. ते कधी सापडलंच तर इकडे विचारत बसू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मधे सूट आहे, जुनाट पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं शस्त्र, पण दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही असं असेल तरच. हे अर्धं वाक्य लोक वाचत नाहीत आणि 'अँटिक आहे साहेब' म्हणून अडकतात. ते चालतं की नाही हे आपण ठरवायचं नसतं. विनालायसन सापडलेलं ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची. आणि शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे असं जुनं रिव्हॉल्व्हर निघालंच तर फॉरेनच्या गिऱ्हाइकाचं स्वप्न मित्राला विसरायला सांगा.

भरीतप्रेमी
चामड्याला एरंडेल चोळा, दोन दिवसात लोणी होतं. आमच्या बैलांच्या साजाला पोळ्याच्या आधी तेच लावतात.

साजवाला, पारोळा
अहो भरीतप्रेमी, साज दरवर्षी नवा करता येतो हो. आमचा तीन पिढ्यांचा चामड्याचा धंदा, म्हणून सांगतो, ८० वर्षांच्या चामड्याला कुठलंच तेल नको, एरंडेल नको, शेंगदाणा नको, नारळ नको. तेल आत मुरतं, चामडं काळं पडतं, नंतर चिकट होऊन धूळ धरतं, आणि टाक्याचा दोरा कुजतो तो वेगळाच. तो शाईचा शिक्का पण पसरून जाईल. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बास. पितळी खुंटीभोवती हिरवी मेणासारखी घाण जमली असेल तर बांबूच्या काडीने हळू खरवडा, लिंबू चिंच लावू नका. झाकण जबरदस्तीने पूर्ण उघडू नका, मागच्या घडीवर तडा गेला की गेलं. बोटाला लालसर भुकटी लागते का? लागत असेल तर चामडं आतून सडतंय, हात न लावता जाणकाराला दाखवा.

आत धुतलेलं मांजरपाट हलकं भरून ठेवा म्हणजे आकार राहील. प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नाही, पावसाळ्यात बुरशी येते. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत माळ्यावर ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवणं, घरातल्या आतल्या खोलीत लाकडी कपाटात ठेवा.

भुसावळ लोको
विकत घेणाऱ्यांसाठी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ६,५०० ला 'ओरिजिनल जपानी ऑफिसर होल्स्टर' घेतलं, नाव घेत नाही विकणाऱ्याचं. फोटोत भारी. घरी आल्यावर नाकाला लावलं तर नव्या चपलेचा वास. टाक्याचा एक धागा सुटलेला होता तो काडीने पेटवला, वितळून टोकाला गोळी झाली. नायलॉन! सुती धागा असता तर राख झाली असती. बायको त्यात आता कात्र्या ठेवते. तुमचा धागा जाळून बघू नका पण, तुमचं तर घरातूनच निघालंय.

पलटणवाला
तुमचे आबा खरं बोलत होते हो. युद्ध संपल्यावर जपानवर जी कॉमनवेल्थची फौज बसवली तिच्यात हिंदी सैन्य पण होतं, १९४६ आणि ४७ मधे, ओकायामाला त्यांचं मुख्यालय. त्यात आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. आणि बर्फ म्हणाल तर त्या भागात थंडीत पडतोच. या फौजेचं एक काम काय होतं तर जपान्यांची जमा केलेली शस्त्रं मोजून नष्ट करणं. म्हणजे पिस्तुलं रिव्हॉल्व्हरं गेली भंगारात आणि चामडं मागे राहिलं असणार, हा आपला माझा अंदाज. आबांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते) शोधा, त्यात बटालियन लिहिलेली असते. त्यांचा नंबर मिळाला तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही अर्ज कसा करायचा ते सांगतात.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. ट्रंक पूर्ण झटकली, काडतूस नाही. मॅगझीनची जागा नाही. लाल भुकटी नाही. डिस्चार्ज बुक वडिलांच्या सातबाऱ्याच्या पिशवीत मिळालं, पलटणवाले साहेब, १ ली बटालियनच आहे. वडील दोनदा वाचून गप्प बसले आणि मग म्हणाले, बर्फाचं खरं होतं म्हणायचं.

रिव्हॉल्व्हर कुठं गेलं म्हणून काल एरंडोलला आत्याकडे गेलो, ती ८१ ची आहे, आबांची थोरली. होल्स्टर बघून हसायलाच लागली. म्हणे यात कधीच बंदूक नव्हती, रिकामंच आणलेलं, तुझा आबा यात तंबाखू आणि चुन्याची डबी ठेवायचा, शेतात जाताना कमरेला लावायचा आणि पोरं घाबरायची. डबी पितळेची, गोल, ती आत्याकडेच होती. मी घालून बघितली. फुगवट्यात बरोब्बर बसली, जरा पण हलली नाही.

जुनंपोलाद, धुळे
फुगवट्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो 😀 बाकी टाइप २६ वर ठाम आहे. डबीचा फोटो टाका.