एसी हायवेवर थंड, गावात गरम. गॅस भरू की कॉम्प्रेसर बदलू? (हीटरचाही प्रश्न आहे)

दर्यापूरकर

राजेहो, सल्ला पाह्यजे. २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे. अमरावती रोडले ऐंशीच्या स्पीडमध्ये एसी झक्कास थंड करते. गाडी बाजारात शिरली, नाहीतर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत अडकली, का पाच मिनिटात नुसती हवा. इंजिनचा टेम्परेचर काटा मात्र कधी वर जात नाही. दर उन्हाळ्यात गॅस भरा लागते. मेकॅनिक म्हणते कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. हिवाळ्यात हीटर कोमट हवा फेकते ते वेगळंच. कॉम्प्रेसर घेऊ का? अन् काम कोणाकडून करावं, त्याले काय विचारावं, तेही सांगा.

गेजवाला

भाऊ, कॉम्प्रेसरचे पैसे सध्या खिशातच ठेवा. हायवेवर थंड आणि उभ्या गाडीत गरम, हे बहुतेक वेळा कंडेन्सरवरून (रेडिएटरच्या पुढे बसवलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) हवा जात नसल्याचं लक्षण असतं. धावत्या गाडीत वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत सगळी मदार फॅनवर. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) कमजोर असला तरी आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, थंडावा कमी होतो, हे खरं. पण ते गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावल्यावर कळतं, बॉनेट उघडून नुसतं पाहून नाही.

आधी फुकटातल्या दोन तपासण्या करा.

गाडी सावलीत लावा, थंड इंजिन सुरू करा, ब्लोअर दोनवर ठेवून एसी लावा आणि समोर जाऊन रेडिएटरचा फॅन पाहा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की काही सेकंदांत फॅन फिरायला पाहिजे. पुष्कळ गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात आणि स्लो स्पीड एका रेझिस्टरमधून (करंट कमी करणारा छोटा भाग) जातो. तो रेझिस्टर जळाला की एसीवर फॅन फिरत नाही, पण इंजिन तापल्यावर हाय स्पीडला फिरतो. म्हणून काटा वर जात नाही आणि मालकाला वाटतं फॅन ठीक आहे. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. रेझिस्टर ठीक असला तर रिले, फ्यूज आणि मोटारचे कार्बन ब्रश पाहा. फॅन हाताने फिरवून पाहायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, तो कधीही अचानक सुरू होतो.

दुसरं, गाडी उभी ठेवून एसी गरम होऊ द्या. मग कंडेन्सरवर जाळीतून साध्या पाण्याचा फवारा मारा. शेतातला पाठीवरचा फवारणी पंप चालेल, पण त्यात कधीही तणनाशक किंवा कीटकनाशक भरलं नसेल तरच. त्याचा वास ताज्या हवेच्या वाटेने केबिनमध्ये येतो आणि दिवसेंदिवस जात नाही. पाणी पडल्यावर मिनिटभरात व्हेंटमधून थंड हवा आली, तर दोष हवेच्या प्रवाहात आहे किंवा गॅस जास्त भरला आहे. काहीच फरक पडला नाही, तर गॅस आणि कॉम्प्रेसरकडे वळा.

संत्रापट्टा

वरच्यात भर. फॅन फिरत असला तरी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून पाहा. आपल्याकडे तिथे कापसाचे तंतू, सोयाबीन-तुरीच्या थ्रेशरचं भूस आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. समोरून कंडेन्सर चकाचक दिसतो आणि मागून बंद असतो. वरचे ब्रॅकेट सोडून रेडिएटर दोन बोटं मागे घेतला तरी हात पोचतो. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, बागेच्या पाइपाएवढ्याच दाबाने. वॉशिंग सेंटरची गन जवळून मारली तर ॲल्युमिनियमच्या पात्या झोपतात आणि मग खरंच कंडेन्सर बदलावा लागतो. घरच्या एसीसाठी मिळणारं ॲसिडचं लिक्विड तर अजिबात नको.

रबराच्या आणि फोमच्या ज्या पट्ट्या रेडिएटरच्या कडेला असतात त्या परत लावा. अपघातानंतर बंपर काढलेल्या गाड्यांत त्या हमखास गायब असतात. मग गरम हवा इंजिनकडून फिरून पुन्हा कंडेन्सरवर येते.

गेजवाला

आता गेजचं. आकडे आर-१३४ए गॅसचे आहेत. बॉनेटखालच्या स्टिकरवर तोच लिहिला आहे ना, ते आधी पाहा.

बाहेर ३५ अंशाच्या आसपास, इंजिन १५०० आरपीएम, ब्लोअर फुल, दारं उघडी. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) ३५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्याचा) २०० ते २५० म्हणजे तब्येत ठणठणीत. अकोला-चंद्रपूरच्या ४५ अंशांत हाय साइड २७५ ते ३०० च्या घरात आणि लो ५० च्या वर गेली म्हणून घाबरायचं नाही, तेवढं चालतं. कंपनीच्या पुस्तकात वेगळे आकडे असतील तर मात्र तेच खरे धरा.

दोन्ही बाजू कमी, म्हणजे लो १५ आणि हाय १२०-१३०, तर गॅस कमी. दोन्ही जास्त आणि पाणी मारल्यावर हाय धाडकन उतरते, तर फॅन किंवा कचरा. लो ७०-८० आणि हाय १३०-१४०, आरपीएम वाढवूनही दोघांत अंतर पडत नाही, तर कॉम्प्रेसर आतून झिजला. तुमच्या मेकॅनिकला हेच विचारा: “दोन्ही गेजचे आकडे किती होते?” उत्तर मिळालं नाही तर दुसरा मेकॅनिक शोधा.

लो साइड व्हॅक्यूमकडे जाते आणि हाय साधारण राहते, तेव्हा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (बारीक भोकातून गॅस पुढे सोडणारा) अडकलाय किंवा सिस्टिममध्ये ओलावा आहे. ओलावा असेल तर एसी पंधरा-वीस मिनिटं थंड, मग बंद, थोडं थांबलं की परत थंड. इव्हॅपोरेटरवर (डॅशबोर्डच्या आतली, केबिनची हवा थंड करणारी जाळी) बर्फ चढला तरी असाच खेळ होतो, पण त्यात व्हेंटची हवाच कमी होत जाते. हवा तेवढीच आणि थंडावा गेला तर ओलावा. हवा कमी झाली तर बर्फ, म्हणजे इव्हॅपोरेटरचा सेन्सर किंवा चोक झालेला केबिन फिल्टर.

मूर्तिजापूर_एक्सप्रेस

बंद गाडीत गेज लावून “८० पीएसआय आहे, गॅस फुल आहे” म्हणणारे लै भेटतात. बंद गाडीतला दाब गॅस किती हे सांगतच नाही. आत थोडं जरी द्रव उरलं असेल, तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. २०० ग्रॅम असो की ४५०, आकडा तोच.

त्या आकड्याचा खरा उपयोग वेगळा आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी ऊन पडायच्या आधी गेज लावा. आर-१३४ए असेल तर २५ अंशाला साधारण ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४ पीएसआय दिसायला पाहिजे. ३० अंशाला ११५-१२० दिसलं तर आत हवा शिरली आहे किंवा कोणीतरी दुसराच गॅस मिसळला आहे. स्वस्तात भरून देतो म्हणणाऱ्याकडून आलेल्या गाड्यांत ही तपासणी जरूर करावी. स्वयंपाकाच्या गॅसवरही एसी थंड होतो, पण डॅशबोर्डच्या आत लीक झाला तर अख्खी केबिन पेटेल. असा संशय असला तर पुढचं कामच करू नका, आधी तो गॅस मोकळ्या जागेत, जाणत्या माणसाकडून काढून घ्या.

दर्यापूरकर

पाणी मारून पाह्यलं. खरंच थंड झालं! फॅन एसीवर फिरतच नाही. मग दरवर्षी गॅस काहून कमी होते?

गेजवाला

दोन दुखणी आहेत, भाऊ. फॅन बंद असल्याने उभ्या गाडीत हाय साइडचा दाब चढतो आणि जिथे जरा कमजोर जागा आहे तिथून गॅस झिरपतो. फॅन नीट केल्याशिवाय गॅस भरला तर पुढच्या मे महिन्यात परत हाच धागा उघडाल.

लीक शोधायचा तर तेलाचे डाग पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं, त्यावर धूळ चिकटून काळा ओला ठिपका पडतो. कंडेन्सरचे खालचे कोपरे (गिट्टी तिथेच लागते), कॉम्प्रेसरच्या पुलीमागे शाफ्ट सील, रबर पाइप जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवला आहे तो जोड, या नेहमीच्या जागा. सगळ्यांत आधी मात्र सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गॅस भरायचं तोंड. टोपी काढून साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा फुगला तर आतला व्हॉल्व्ह कोर बदला, ट्यूबच्या वॉल्वसारखाच दिसतो पण एसीचाच घ्या. आणि टोपीतलं रबर शाबूत ठेवा, खरी सील तीच. पुष्कळ गाड्या टोपीशिवाय फिरतात.

बाहेर काही सापडलं नाही तर इव्हॅपोरेटर. एसी बंद करून अर्धा तास थांबा आणि पाणी जिथून खाली ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी लीक डिटेक्टर लावा. डॅशबोर्ड खोलायच्या आधी ही खात्री पाहिजेच. तो खोलायचं काम मोठं असतं आणि परत लावताना क्लिपा मोडतात त्या वेगळ्या.

तिवसा_टू_नागपूर

डब्यातलं लीक बंद करणारं केमिकल मिळते ना ऑनलाइन. ते टाकून पाहा, स्वस्तात काम होते.

मूर्तिजापूर_एक्सप्रेस

नाही दादा, ते सुचवू नका. हवा-ओलावा लागला की ते घट्ट होतं. एक्सपान्शन व्हॉल्व्हचं भोक बारीक असतं, तिथे बसलं तर गेलं. गॅस रिकव्हर करायच्या (परत काढून घ्यायच्या) मशीनवालाही मग अशी गाडी हातात घेत नाही.

गेजवाला

सहमत. आता काम करून घेताना काय पाहायचं ते.

सिस्टिम उघडली की रिसीव्हर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा, जोडाचे ओ-रिंग नवे आणि एसीचे हिरवे, साधे काळे नाहीत. ओ-रिंगला कॉम्प्रेसरचंच तेल लावून बसवायचं. तेल लेबलवर असेल तेच, पीएजी ४६ किंवा पीएजी १००. घरच्या फ्रिजचं मिनरल तेल चालत नाही. कंडेन्सर बदलला तर अंदाजे ३० ते ४० मिली तेल जास्तीचं, ड्रायरला १० ते २०. नुसता गॅस कमी झाला होता आणि डाग फारसे नव्हते तर तेल टाकायची गरज नाही. जास्त तेलानेही थंडावा कमी होतो. पीएजी तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून अर्धी उघडी बाटली वापरू देऊ नका.

मोठा जोड उघडला असेल तर लीक टेस्ट नायट्रोजनने, साधारण १५० पीएसआयवर, साबणाचं पाणी लावून. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

मग व्हॅक्यूम पंप (आतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा) किमान अर्धा तास, आणि नंतर पंप बंद करून वीस मिनिटं गेजकडे पाहत बसायचं. सुई हलली तर लीक किंवा ओलावा शिल्लक आहे. पाच मिनिटं पंप लावून गॅस सोडणारे खूप आहेत, आपल्याला घाई नाही असं सरळ सांगा.

गॅस वजनावर. हॅचबॅकमध्ये साधारण ३०० ते ५०० ग्रॅम लागतो, नेमका आकडा स्टिकरवर. सिलिंडर काट्यावर ठेवून भरायचा. पाच ग्रॅम दाखवणारा किराणा दुकानातला काटाही चालतो, कापूस मोजायचा नाही! पन्नास ग्रॅम जास्त झाला तरी आपल्या उन्हात हाय साइड चढते. कॉम्प्रेसर चालू असताना लो साइडने भरताना सिलिंडर उभाच. उलटा धरला की द्रव आत जातं, आणि द्रव दाबलं जात नाही, व्हॉल्व्ह तुटतात.

खारपाणी

हीटरचं मी सांगतो. एसीचा त्याच्याशी संबंध नाही, तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. इंजिन पूर्ण तापू द्या (डिझेलला वेळ जास्त लागतो), नॉब फुल गरमवर, आणि फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जाणारे दोन रबर पाइप फडक्याने चाचपा. दोन्ही सारखे गरम, तरी हवा कोमट असेल तर आतला फ्लॅप (गरम-थंड हवेची वाट बदलणारी झडप) किंवा त्याची केबल. एक गरम आणि एक गार असेल तर हीटर कोअर (हीटरची गरम पाण्याची जाळी) चोक. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय किंवा कूलंट कमी. तुमचा काटा कधी वर जात नाही म्हणता, तो नेहमीच्या जागेपर्यंत तरी येतो का? येत नसेल तर थर्मोस्टॅट.

पण दर्यापूर म्हटलं की मला पहिला संशय बोअरच्या पाण्याचा. आपल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी रेडिएटरमध्ये म्हणजे विषच. क्षार हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात, क्लोराइड ॲल्युमिनियम खातं. कूलंट पांढुरकं किंवा तांबूस दिसलं तर समजून घ्या. दोन्ही पाइप थंड इंजिनवर काढा आणि कमी दाबाने उलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने. मग तयार मिसळलेलं कूलंट, नाहीतर निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा आणि हवा निघायचा स्क्रू असला तर तो सैल करा, नाहीतर हवा अडकून हीटर परत कोमट. गरम इंजिनवर रेडिएटरची टोपी उघडू नका.

पायाखालची चटई ओली असेल तर बोट लावून पाहा. नितळ पाणी म्हणजे एसीची निचरा नळी तुंबली. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं म्हणजे हीटर कोअर फुटला, आणि काचेवर तेलकट वाफ येते तीही त्याचीच.

संत्रापट्टा

नॉब फुल थंडवर असतानाही फ्लॅप पूर्ण बंद होत नसेल तर गरम हवा एसीत मिसळते. हीटरचा आत जाणारा पाइप फडकं गुंडाळून क्लॅम्पने हलका दाबा. व्हेंटमधलं तापमान चार-पाच अंश उतरलं तर दोष फ्लॅपचाच. गॅस भरून हा दोष जात नाही.

यवतमाळवाला

मधेच विचारतो. माझा ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीन बंद.

गेजवाला

ब्लोअरचा रेझिस्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, दोन स्क्रू. नवा टाकायच्या आधी केबिन फिल्टर आणि ब्लोअरच्या पंख्यात उंदरांनी काही आणून ठेवलंय का पाहा. मोटार जड फिरली की नवाही जळतो. कनेक्टर वितळला असेल तर तोही बदला.

दर्यापूरकर

सर्व्हिस पोर्टवर बुडबुडा येते, लो साइडच्या. कूलंटचा रंग तांबूस निघाला. म्हणजे फॅन रेझिस्टर, कोर अन् टोपी, मग व्हॅक्यूम, मग वजनावर गॅस, असंच ना? ड्रायर बदला लागते का?

गेजवाला

क्रम बरोबर. मात्र कोर साध्या पान्याने काढला तर उरलेला गॅस उडेल, तो आधी मशीनवर रिकव्हर करून घ्या आणि किती ग्रॅम निघाला ते लिहून घ्या. तेवढ्यावरून वर्षाला किती झिरपतो ते कळेल. सिस्टिम कधी पूर्ण रिकामी पडली नसेल तर नुसत्या कोरसाठी ड्रायर बदलायची गरज नाही. पण गाडी २०१४ ची, आणि आतापर्यंत कधीच बदलला नसेल, तर या वेळी टाकूनच घ्या. काही गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेच्या नळीत असतो, खालचं झाकण उघडून निघतो. अख्खा कंडेन्सर लागतो असं कोणी म्हटलं तर आधी ते झाकण शोधायला सांगा.

काम झाल्यावर सावलीत, रीसर्क्युलेशनवर (केबिनमधलीच हवा फिरवायचं बटण), १५०० आरपीएमला दहा मिनिटं चालवून मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर लावा. बाहेर ४२ असताना १० ते १४ आलं की पैसे द्या. आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावत जा, शाफ्ट सीलला तेल मिळतं.

खारपाणी

तांबूस असेल तर एका धुण्यात भागणार नाही. फ्लश केल्यावर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर गाडी अर्धा तास चालवा, थंड झाल्यावर काढून परत पाहा. रंग येत राहिला तर पुन्हा करा. नितळ निघालं की मगच कूलंट.