टूर्बियाँ : भोवरा की वावटळ?

प्रश्न : जुन्या घड्याळांवरचा एक लेख मराठीत आणतोय. घड्याळातल्या एका यंत्रणेचं नाव असलेल्या ‘टूर्बियाँ’ या फ्रेंच शब्दापाशी अडलोय. कोशात वावटळही आहे, भोवराही. काय घ्यावं? पुढे फॅशनमधला ‘ओत कुतूर’सुद्धा आलाय, त्याला ‘उंची कपडे’ चालेल का?

प्रतिसाद : भोवरा. आधी आत काय चालतं ते बघा. खिशातलं घड्याळ दिवसभर उभं राहतं. बॅलन्स व्हीलचा, म्हणजे घड्याळाला ठेका देणाऱ्या चक्राचा, तोल केसभर जरी ढळलेला असला, तरी गुरुत्वाकर्षणामुळे ते एका स्थितीत पुढे धावतं, दुसऱ्या स्थितीत मागे पडतं. ब्रेगे या घड्याळजीने बॅलन्स आणि एस्केपमेंट (चाकांना टप्प्याटप्प्याने पुढे सोडणारा भाग) एका छोट्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता केला, साधारण मिनिटाला एक फेरा. चूक जात नाही, पण सगळ्या बाजूंनी फिरल्यामुळे बरीचशी आपापसात फिटते. १८०१ मध्ये पॅरिसला त्याला याचं पेटंट मिळालं. इतक्या शिस्तीत फिरणाऱ्या गोष्टीला वावटळ कसं म्हणणार?

प्रतिसाद : भोवरा म्हटलं की मला आधी जाळी आणि आरी आठवते, नंतर पाण्यात बुडवणारा भोवरा. घड्याळ तिसऱ्या नंबरावर. सरळ ‘फिरता पिंजरा’ लिहा.

प्रतिसाद : भोवऱ्याच्या बाजूने एक पुरावा. देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने ग्रहांच्या गतीसाठी ‘टूर्बियाँ’ हाच शब्द वापरला होता. सूर्याभोवती सूक्ष्म द्रव्याचे भोवरे फिरतात आणि ग्रह त्यांत वाहत जातात, अशी त्याची कल्पना. म्हणजे फ्रेंचमध्ये या शब्दाला नुसती धूळ-पाचोळ्याची नाही, आकाशातल्या नियमित फिरण्याचीही छटा होती.

बाकी मनगटावर या यंत्राचा फारसा उपयोग नाही, हात तसाही सारखा हलत असतो. आज पैसे मोजायचे ते कारागिरीचे.

प्रतिसाद : ‘उंची कपडे’ नको. फ्रान्समध्ये १९४५ पासून ‘ओत कुतूर’ला कायद्याचं संरक्षण आहे, अटी पुऱ्या करणाऱ्या पेढ्यांनाच तो शब्द लावता येतो. मूळच ठेवा. याची सुरुवात वर्थ या फॅशनकारापासून धरतात. माणूस इंग्लंडचा, पेढी पॅरिसची, साल १८५८. तोवर बाईसाहेब सांगतील तसं शिवायचं, अशी रीत. याने आपले नमुने पुढे ठेवले, त्यातून निवडायला लावलं आणि कपड्याच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवली. त्याला ‘शिंपी’ म्हटलं तर नेमकं तेवढंच हरवतं. ब्रेगेचंही तसंच: नकला फार व्हायला लागल्या म्हणून तो तबकडीवर जेमतेम दिसेल अशी गुप्त सही कोरायचा. ‘ओत ओर्लोजरी’ (उच्च घड्याळकारी) हा घड्याळांचा शब्द कुतूरचाच धाकटा भाऊ.

प्रतिसाद : लेखात कार्टिये असेल तर त्याला घड्याळजी करू नका. घराणं जवाहिऱ्यांचं. लुई कार्टियेने १९०४ मध्ये विमानवेड्या सांतोस-द्युमाँसाठी मनगटी घड्याळ केलं, कारण उडताना खिशात हात घालायची सोय नव्हती. पण यंत्रांसाठी त्याने १९०७ मध्ये एदमों जेगेर या घड्याळजीशी करार केला. घडण एकाची, यंत्र दुसऱ्याचं.

मूळ प्रश्नकर्ता : कुतूर तसाच ठेवतो. घड्याळाच्या शब्दासाठी पहिल्या उल्लेखात ‘फिरता पिंजरा’, पुढे सगळीकडे ‘टूर्बियाँ’.

प्रतिसाद : पिंजरा म्हटल्यावर पोपट कुठेय, असं कोणीतरी विचारणारच. भोवरा घ्या हो!