काळ्या मातीतली गाडी ब्रशच्या मशीनखाली घालू नका

काळी_माती (राळेगाव)
नागपूर-हैदराबाद हायवेवर पंपाशेजारी मशीनने गाडी धुणारी ठिकाणं आता दिसायला लागली आहेत. माझ्या चुलतभावाने पावसाळ्यात त्याची गडद निळी गाडी शेतातून निघून थेट तिथे नेली. दुपारच्या उन्हात बोनेटवर बारीक गोल-गोल चरे चमकत होते. आधी ते नव्हते.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. कंपनीच्या गाडीवर तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. सगळी चमक त्याच थराची. ब्रश स्वतः फारसा ओरखडत नाही. ओरखडते ती ब्रश आणि रंगाच्या मध्ये सापडलेली रेती. वैनगंगेची रेती क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ काचेवरही चरा पाडतं, तिथे क्लिअर कोटचं काय!

शिवाय आपली काळी माती चिकण. ओली असताना धरून बसते आणि वाळली की पापुद्रा होतो, त्यात मुरमाचे कण अडकलेले. तिला भिजायला वेळ लागतो. मशीन ब्रश फिरवायच्या आधी जेमतेम पाणी मारते आणि पुढे जाते. पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावरची धूळ त्यात निघत असेल. पांदणीतून आलेल्या गाडीचं ते काम नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासकट लिहावं.

टॅक्सी_यवतमाळ
पटत नाही भाऊ. तुम्ही मशीनची तुलना कशाशी करताय? आपल्याकडच्या वॉशिंग रॅम्पवर आधी ट्रॅक्टर धुतात, त्याच बादलीत फडकं बुचकळून मग तुमची गाडी पुसतात. फडकं खाली पडलं तर झटकून परत बोनेटवर. वरून कपड्यांची पावडर, जी गाडीवरचं वॅक्स पार काढून टाकते. मशीनमध्ये निदान शाम्पू असतो आणि ब्रशवर सतत पाणी वाहतं. नवीन मशीनला नायलॉनचे कडक केस नाहीत, मऊ फोमच्या पट्ट्या असतात, त्या पाणी शोषत नाहीत म्हणून त्यांच्यात रेतीही कमी मुरते.

माझी गाडी पांढरी आहे, रोज भाड्यावर असते. चरे दिसतही नाहीत. मला दहा मिनिटांत स्वच्छ गाडी हवी.

काळी_माती (राळेगाव)
@टॅक्सी_यवतमाळ, रॅम्पवरचं फडकं वाईट, हे शंभर टक्के मान्य. पण म्हणून मशीन चांगली ठरत नाही. रॅम्पवरच्या पोराला मी सांगू शकतो, "बाबू, आधी दहा मिनिटं पाणी मारून ठेव, फडकं मी आणलं आहे." चाकाच्या वर चिखलाचा गोळा दिसला तर तो हात थांबवतो. मशीनला तो दिसत नाही. तुमच्या आधीच्या, चिखलाने माखलेल्या गाडीवर फिरलेला ब्रश तसाच तुमच्या गाडीवर येतो. आणि पांढऱ्या गाडीवर चरे पडतात तेवढेच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

पेंटर_वरोरा
मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. लोकं गाडी घेऊन येतात अन् म्हनतात, मशीननं रंग काढला. पाह्यलं तं थो बंपर पह्यलेच कुठंतरी रंगवलेला राह्यते. कंपनीत रंग १४० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजते. आपल्या गॅरेजात थेवढी भट्टी नसते, म्हून रंग वरून सुकला तरी अंदरून कितीतरी दिवस नरम राह्यते. लांबी (पुट्टी) भरून रंगवलेल्या पत्र्याले महिना-दीड महिना मशीन नको अन् जवळून प्रेशर पंपबी नको. एकदा का टवका उडाला, मंग त्याच्या काठातून पानी घुसते अन् रंग पापडावानी उठते.

चरे पॉलिशनं जातात, हे खरं. पन पॉलिश म्हंजे क्लिअर कोटच घासून थोडा कमी करनं. दर वर्षी रबिंग करत बसाल तं चारसहा वर्षांत टपावरचा थर संपते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ऊन ४५ च्या वर जाते, थर पातळ झाला का टप पांढरा पडते. पाह्यजे त्याले दाखवतो.

आनखीन एक. धुतल्यावर गाडीच्या खालून डिझेल मारून घेता ना, थे बंद करा. सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून खराब होतात.

शिक्षिका_घाटंजी
एक बाजू कोणीच मांडली नाही. मी रोज एकटी गाडी चालवत शाळेत जाते. रॅम्पवर गाडी धुवायची म्हणजे तासभर उभं राहायचं, बसायला खुर्ची नाही, आजूबाजूला सगळे पुरुष, गाडीची किल्ली अनोळखी मुलाच्या हातात. मशीनमध्ये मी काचा बंद करून गाडीतच बसते आणि थोड्या वेळात बाहेर. बोनेटवर दोन चरे पडले तरी मला ते चालतील. सुरक्षित म्हणताना फक्त रंगाचा विचार का करायचा?

काळी_माती (राळेगाव)
ताई, हा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता आणि तो बरोबर आहे. तुमच्यासाठी एवढंच सुचवतो: मशीनवाल्याकडे हातातला प्रेशर पंप असतोच. ब्रशखाली जाण्याआधी चाकांच्या वर, दारांच्या खाली आणि मागच्या बंपरवर त्याने पाणी मारून घ्यायला लावा. थोडे पैसे जास्त घेतले तरी द्या.

बोलेरोवाला_आर्णी
रंगाचं सोडा, आधी गाडी मशीनमध्ये मावते का ते बघा. टपावर कॅरिअर, पुढे लोखंडी गार्ड, बाजूला झेंड्याची दांडी. ब्रश त्यात अडकला तर दोघांचं नुकसान. अँटेना फिरवून काढायची, आरसे दुमडायचे, ज्यांचे वायपर पावसाचा थेंब पडला की आपोआप चालतात त्यांनी ते बंद करायचे. गाडी उभी ठेवून मशीन फिरत असेल तर हँडब्रेक ओढायचा. पट्टा गाडी ओढत नेत असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि ऑटो होल्डही (गाडी थांबली की आपोआप लागून राहणारा ब्रेक) बंद. हे उलटं केलं की भांडण ठरलेलं.

खारपाणपट्टा_दर्यापूर
पाण्यावर बोला राजेहो. आमच्या पूर्णेच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. त्या पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की पांढरे डाग, काचेवरचे तर घासूनही निघत नाहीत. शेवटचं पाणी आरओचं देणारी मशीन असेल तर ती आमच्यासाठी हाताच्या धुण्यापेक्षा चांगली, मग ब्रश असो की नसो. नळी सोडून गाडी धुतली की दीडशे-दोनशे लिटर पाणी सहज वाहतं. गावात एप्रिल-मेमध्ये टँकर येत असताना अंगणात नळी सोडून गाडी धुणं मला बघवत नाही. चांगली मशीन बरंचसं पाणी गाळून परत वापरते.

काळी_माती (राळेगाव)
परत वापरते, तिथेच मला धास्ती आहे. गाळ बसायची टाकी वेळेवर साफ केली नाही, फिल्टर बदलला नाही, तर तीच चिकण माती बारीक होऊन पुन्हा फवाऱ्यातून येते. चिकण मातीचे कण पाण्यात फार वेळ तरंगत राहतात, लवकर तळाला बसत नाहीत. पाणी वाचवायचं तर दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळून काढायची. तेवढ्यात गाडी होते.

वणीकर
आमच्याकडे कोळशाची धूळ. साधं पाणी मारून ती जात नाही, तेलकट थर राहतो. ब्रश नसलेली, नुसत्या प्रेशरची आणि केमिकलची मशीन असते, तिला चऱ्यांची भीती जवळपास नाही. पण घासल्याशिवाय मळ काढायचा म्हणजे केमिकल तेज लागतं. ते वॅक्स उतरवतं, आणि तापलेल्या बोनेटवर वाळलं तर डाग सोडतं. मी गाडी सावलीत थंड होऊ देतो, मग नेतो. वर्षातून दोनदा वॅक्स लावतो. माझ्या मते कोळसापट्ट्यात यापेक्षा बरा मार्ग नाही.

टॅक्सी_यवतमाळ
सगळे बोनेटकडेच बघताय. गाडी सडते खालून. डिकीत पोटॅश खताची पोती कोण आणत नाही सांगा? पोटॅश म्हणजे क्लोराइड, सांडलं आणि ओल लागली की पत्रा खातं. चाकाच्या कमानीत चिखल महिनोन्महिने ओला राहतो, तिथेच गंज धरतो. अंगणात दोन बादल्यांत तिथपर्यंत पोहोचणार कसं? ज्या मशीनला खालून फवारे आहेत ती गाडीचं आयुष्य वाढवते. चरे मंजूर, गंज नामंजूर.

पेंटर_वरोरा
@टॅक्सी_यवतमाळ, गंजाचं भाऊ बरोबर बोलले. पन खालून धुवायले ब्रश कायले पाह्यजे? रॅम्पवर गाडी चढवा, खालून पंपानं धुवून घ्या, डिकीतलं मॅट काढून पोटॅश झाडा. वरून हातानं.

कोनत्याबी मशीनमधून गाडी बाहेर आली का हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा अन् बोनेटवरून हळूच फिरवा. खरखर लागली तं मळ अजून तिथंच आहे.

टॅक्सी_यवतमाळ
पिशवीचं करून बघतो. पण रॅम्पवर अर्धा दिवस घालवून भाडं सोडणं मला परवडत नाही. मी मशीनमध्येच नेणार, आधी पंप मारून.