वाढत्या राजधान्या, पायी पाहिलेल्या

छत्रपती संभाजीनगर (धागाकर्ती): झपाट्याने वाढणाऱ्या आशियाई राजधान्यांमध्ये आपल्यापैकी जे कोणी पायी हिंडले असतील, त्यांनी तेथील रस्त्यांवर काय पाहिले ते लिहावे, ही विनंती. सुरुवात मी व्हिएतनामच्या हनोईपासून करते. पहिल्या सकाळी होआन किएम तळ्याजवळ रस्ता ओलांडण्यासाठी मी पंधरा मिनिटे उभी होते, कारण दुचाकींचा लोंढा तुटतच नव्हता. शेवटी खांद्यावर भाजीची कावड असलेल्या एका आजींनी माझे मनगट धरले आणि संथ, एकसारख्या पावलांनी मला पलीकडे नेले. थांबायचे नाही, पळायचे नाही आणि मागे तर मुळीच सरकायचे नाही, म्हणजे चालवणाऱ्यांना आपला अंदाज येतो आणि ते वळसा घालून जातात, हे मला त्या वीस पावलांत समजले. पदपथ उभ्या केलेल्या दुचाक्यांनी आणि खाणावळींच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांनी व्यापलेले असल्यामुळे चालणाऱ्याला रस्त्यावरच उतरावे लागते. आमच्या शहरातल्या गजबजलेल्या गुलमंडीजवळ वाढलेल्या मला त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते याचे, की २०१६ पासून शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि जिथे मी जीव मुठीत धरून उभी होते तिथेच मुले दोरीवरच्या उड्या मारत असतात. आपल्याकडे एका पेठेत तरी हे करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

लातूर: ताई, त्याच तळ्याच्या उत्तरेला छत्तीस गल्ल्यांची जुनी पेठ आहे. तेथील बहुतेक नावे ‘हांग’ने सुरू होतात. हांग म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग थिएक ही पत्र्याची. आज पुष्कळ गल्ल्यांत भलताच माल विकला जातो, पण हांग थिएकमध्ये पत्रा ठोकण्याचा आवाज मी वळणावरूनच ऐकला आणि पाय आपोआप तिकडे वळले. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि सराफा कुठे, मिरची कुठे, गूळ कुठे हे लहानपणी मी पाटी वाचून नव्हे, तर वासावरून शिकलो. घरेही पाहण्यासारखी आहेत: समोरून जेमतेम एका दुकानाएवढी रुंद, आत मात्र बोळासारखी लांबच लांब.

लातूर: सर, मीही लातूरचीच. माझा अनुभव कंबोडियाच्या राजधानीचा, नॉम पेन्हचा आहे आणि तो थोडा जड आहे. तेथे बोएंग काक नावाचे मोठे तळे होते. ते वाळूने बुजवण्यात आले आणि काठावरच्या हजारो कुटुंबांना तेथून हलावे लागले. जुन्या नकाशात निळ्या दिसणाऱ्या त्या जागेवरून मी भर दुपारी चालले, तेव्हा आजूबाजूला इमारती होत्या आणि पायाखाली सपाट, कोरडी जमीन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आपल्या गावात आली, त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली मी आहे. भरलेले तळे माणसे आपल्या हाताने बुजवतात, हे त्या दिवशी मला सोसले नाही आणि अजूनही सोसत नाही. त्याच शहरातली तोन्ले साप नदी पावसाळ्यात मेकाँगच्या पुरामुळे उलटी वाहू लागते. संध्याकाळी तिच्या काठच्या रुंद पदपथावर अख्खी कुटुंबे चटया अंथरून बसतात. तेथे बसल्यावर मन थोडे शांत झाले.

नांदेड: हनोईला जाणाऱ्यांनी लाँग बिएन पूल पायीच ओलांडावा. फ्रेंचांच्या काळात, १९०२ साली पूर्ण झालेल्या या पुलावर अमेरिकेशी झालेल्या युद्धात वारंवार बॉम्ब पडले. मधून रेल्वे जाते, दोन्ही कडांनी दुचाकी आणि चालणारे. देशभर वाहतूक उजव्या बाजूने चालते, या पुलावर मात्र आपल्यासारखी डावीकडून. मध्यावर उभे राहून खाली पाहिले, तर तांबड्या नदीच्या बेटावर केळीच्या बागा! मागे उंच इमारती उभ्या राहत असताना खाली कोणी केळीला माती लावत होते. मी केळीच्या अर्धापूरचा, अर्धा तास कठड्याला धरून तेच पाहत राहिलो, आणि पुलावरच एका बाईंकडून केळ्यांची फणी विकत घेऊन तिथेच उभ्याने खाल्ली.